नरक्याचे झाड आणि अंगणातला भेक

एका माणसाने स्वतःला वाचवण्यासाठी सांगितलेले एकमेव खोटे मी माझ्या खऱ्या माहितीने मोडून काढले. ज्या कामासाठी तो पकडला गेला होता, ते काम त्याला मीच शिकवले होते, हे मात्र मी सांगितले नाही. गोष्ट एवढीच आहे, पण ती मी वीसएक वर्षे लपवून ठेवली. पत्नीलाही सांगितली नव्हती. या अंकासाठी प्रयोगशाळेतल्या गमतीजमती लिहाव्यात, असा संपादकांचा आग्रह होता. गमती पुष्कळ घडल्या. पण लिहायला बसलो की प्रत्येक गमतीत केरू येऊन उभा राहतो, आणि त्याला वगळून लिहिलेले काहीही आता मला प्रामाणिक वाटत नाही.

महाडच्या एका महाविद्यालयात मी प्रयोगशाळा साहाय्यक आहे. निवृत्ती आता जवळ आली आहे. या कामाविषयी बाहेरच्या लोकांना फारशी कल्पना नसते. विद्यार्थी प्रयोगशाळेत येतात तेव्हा सर्व मांडलेले असावे आणि ते गेल्यावर काही घडल्याची खूणही उरू नये, अशी ही नोकरी आहे. मेण ओतलेले ट्रे, टाचण्या, चिमटे, क्लोरोफॉर्मची बरणी, सूक्ष्मदर्शकाच्या काचपट्ट्या, हे सारे सिद्ध ठेवायचे. वनस्पतींचे नमुने वर्तमानपत्रांच्या घड्यांत दाबून सुकवायचे आणि पावसाळ्यात बुरशी धरू नये म्हणून ते कागद रोज बदलायचे. वर्तमानपत्र वाचण्याची गोडी मला या सुकलेल्या पानांमुळेच लागली. बातम्या मात्र नेहमी शिळ्या असत.

त्या काळी विद्यार्थ्यांना बेडकाचे विच्छेदन शिकवीत. पूर्वी त्यासाठी शेतातला मोठा हिरवा बेडूक वापरत. पुढे त्याला कायद्याचे संरक्षण मिळाले आणि सुरी भेकाकडे वळली. भेक म्हणजे खरखरीत कातडीचा, मातकट रंगाचा, अंगणात दिव्याखाली किडे टिपत बसणारा बेडकाचा भाऊबंद. तो सगळीकडे होता, म्हणून त्याच्या बाजूने बोलणारा कोणीच नव्हता. आम्हाला दरवर्षी बरेच भेक लागत आणि ते पोलादपूरच्या डोंगरातल्या एका वाडीवरून केरू आणून देई.

केरूची तिथे थोडी भातजमीन आणि डोंगरउतारावरची वरकस जमीन होती. धाकटा भाऊ मुंबईला होता. दिवेलागणीला गोठ्याच्या आसपास, दगडी बांधांच्या सांध्यांत भेक सापडत, ते तो ओल्या गोणपाटात घालून एस्टीने महाडला आणी. एकदा मी पोलादपुरात काही कामाला गेलो होतो, परतताना त्याच गाडीत होतो. कंडक्टरने पायाने पोते हलवले.

"काय रे, पोत्यात काय?"

"भेक हायती."

"जिवंत?"

"मेलेले कशाला नेऊ? कॉलेजात न्यायचे हायती."

"मग अर्धी तिकिटं काढ त्यांची. शिकायला चाललेत ना!"

सगळी गाडी हसली. केरूही हसला. मीही हसलो, पण तो माझ्यासाठी चालला आहे हे मी कंडक्टरला सांगितले नाही, खिडकीबाहेर पाहत राहिलो. हे आज आठवले म्हणून लिहितो.

त्याच्या घरी मी पहिल्यांदा गेलो तेव्हा त्याची बायको पारू अंगण सारवत होती. मला पाहून तिने शेजारणीला हाक घातली, "अगो सखू, ये गो बघायला, भेकांचे सर आले!" मग माझ्याकडे वळून म्हणाली, "लोकांचे धनी महाडला तांदूळ घिऊन जातात. आमच्या धन्याचं पोतं उड्या मारतं."

एका वर्षी सावित्रीचे पाणी बाजारपेठेतून आमच्या तळमजल्यावर शिरले. महाडमध्ये पाणी शिरणे ही बातमी नसते. कोणत्या पायरीपर्यंत आले, एवढेच विचारतात. टाकीत ठेवलेले सगळे भेक त्या पाण्याबरोबर निघून गेले. चिखल काढत असता शेजारचे किराणा दुकानदार दारात आले आणि म्हणाले, "भाऊ, तुमचे विद्यार्थी माझ्या गुळाच्या ढेपेवर बसलेत. हजेरी घ्या." त्या दिवशी मला मनापासून आनंद झाला होता. मारण्याचे काम माझ्याकडे होते आणि मी ते व्यवस्थित करीत असे, पण त्याची सवय मला कधीच झाली नाही. भेक हातात धरला की अंग फुगवतो, तळहातावर मुततो, डोळ्यांमागच्या गाठींतून पांढरे विष सोडतो. त्याच्यापाशी जे काही आहे ते सर्व तो करून पाहतो. मग मी बरणीचे झाकण लावीत असे.

आता झाडाविषयी.

आमच्या डोंगरात नरक्या नावाचे एक मध्यम उंचीचे झाड आहे. पावसाळ्यात ते फुलते आणि फुलांना असा दर्प येतो की नाव कसे पडले ते विचारावे लागत नाही. कोणी त्याला अंगणात लावत नाही, देवाला वाहत नाही, चुलीत घालत नाही. या झाडात कर्करोगावरच्या औषधाला लागणारे द्रव्य आहे, हे बाहेरच्या जगाला कळले तेव्हा त्याचे दिवस फिरले. ते द्रव्य लाकडात आणि मुळांत असल्याने फांदी नेऊन भागत नाही. झाड मुळासकट उपटतात. जे झाड इतकी वर्षे आपल्या दुर्गंधीच्या आडोशाने जगले, ते त्या आडोशासह संपू लागले.

एके दिवशी औषधी वनस्पतींचा एक मध्यस्थ आमच्या प्रयोगशाळेत आला. वनस्पतिशास्त्राच्या प्राध्यापकांचे पद तेव्हा रिकामे होते. त्याने पिशवीतून एक डहाळी काढून टेबलावर ठेवली आणि अत्यंत आदराने विचारले, "सर, हे झाड इकडे कुठे मिळेल? पुण्यात तुमचं नाव ऐकलं." पुण्यात माझे नाव कोणी घेणे शक्य नव्हते, हे मलाही कळत होते. तरीही मी खुर्ची पुढे ओढली. एखाद्या झाडाविषयी मला त्या नोकरीत कोणी प्रथमच विचारत होते. केरूच्या वाडीवरच्या देवीच्या राईतून मी पूर्वी नमुने गोळा केले होते. तिथे नरक्या होता. मी ते सांगितले आणि झाडे दाखवू शकेल असा माणूसही सुचवला.

मी त्याच्याकडून पैसा घेतला नाही. या न घेतलेल्या पैशाच्या आधारावर मी पुढे कित्येक वर्षे स्वतःला निर्दोष समजत आलो.

पुढच्या खेपेला केरू भेक घेऊन आला, तेव्हा मी त्याला वाळवलेली फांदी दाखवली. पाने टोकाकडे कशी दाटतात, साल कशी असते, चिरल्यावर लाकूड कसे पिवळसर दिसते, हे समजावले.

"ह्यो तर नरक्या," तो म्हणाला. "गुरंबी बसत नायत त्याच्या खाली. त्याचं काय करायचं?"

"त्यात औषध आहे. कॅन्सरचं."

"त्या घाणीत?" त्याने फांदी उलटसुलट करून पाहिली. "मंग चांगलंच हाय की. पर आमच्याकडं त्यो राईतच हाय, सर. देवीच्या राईतलं नको."

"आतलं नको घेऊ. काठावरचं चालेल," मी म्हणालो.

काठ कुठे संपतो हे ठरवायला मी तिथे नव्हतो. मध्यस्थाचा टेम्पो डोंगराखाली उभा राहू लागला. दर खेपेला त्याला अधिक लाकूड हवे असे, आणि राईचा काठ दर खेपेला आत सरकत गेला. या तोडीला परवानगी लागते आणि ती मिळत नाही, हे मला ठाऊक होते. केरूला ठाऊक आहे की नाही, हे मी कधी विचारले नाही. त्याने मला विचारले असते, तर मला उत्तर द्यावे लागले असते.

आणि एक दिवस घाटाखालच्या रस्त्यावर वनखात्याच्या माणसांनी केरूला मोळ्यांसह धरले. टेम्पो आणि मध्यस्थ तिथवर आलेच नाहीत. बहुधा त्यांना आधीच कुणकुण लागली असावी. लाकूड ओळखण्यासाठी वनाधिकाऱ्यांनी महाविद्यालयात जाणकार मागितला. प्राचार्यांनी मला पाठवले.

वनखात्याच्या कचेरीतल्या खोलीत भिंतीशी मोळ्या रचल्या होत्या आणि त्यांच्या शेजारी केरू उकिडवा बसला होता. मला पाहून त्याच्या चेहऱ्यावर क्षणभर जे उमटले, ते मी कधीच विसरू शकणार नाही. आपले माणूस आले, असे त्याला वाटले होते.

अधिकारी सभ्य होते. त्यांनी मला खुर्ची दिली. "हा म्हणतो, जळणासाठी वाळकं लाकूड गोळा केलं, झाड कोणतं ते माहीत नाही. तुम्ही फक्त ओळख सांगा."

मी एक तुकडा उचलला, नखाने साल खरवडली, वास घेतला. "नरक्या," मी म्हणालो.

विचारलेल्या प्रश्नाचे उत्तर इथे संपले होते. मला उठून जाता आले असते. अधिकारी लिहीतही होते. केरू जमिनीकडे पाहत होता. आणि मी, कोणी विचारले नसता, पुढे म्हणालो, "हे लाकूड जळणाला कोणी नेत नाही. इथल्या प्रत्येकाला हे झाड माहीत असतं."

ते वाक्य मी का बोललो, याचा विचार मी त्यानंतर सतत केला आहे. भीती होती, हे खरे. त्याने माझे नाव घेतले तर माझी नोकरी जाईल, ही भीती. त्याच्यात आणि माझ्यात जेवढे अंतर दाखवता येईल तेवढे मला दाखवायचे होते. पण निव्वळ भीतीने माणूस गप्प बसतो. मी बोललो, कारण खुर्ची दिलेली होती, समोरचा माणूस ऐकत होता, आणि माझ्यापाशी सांगण्यासारखे ज्ञान होते. भित्रेपणापेक्षा ही गोष्ट मला अधिक नीच वाटते.

अधिकाऱ्यांनी केरूकडे पाहिले. "काय रे? माहीत असतं म्हणतात."

केरू माझ्याकडे पाहत म्हणाला, "सर म्हनतात तर असंल."

मी निघालो तेव्हा तो व्हरांड्यात पाणी पिण्यासाठी उभा होता, सोबत शिपाई होता. त्याने हलकेच विचारले, "सर, आता भेक आनायचे, का तेबी बंद?" त्यात टोमणा होता की खरोखरीची विचारणा, हे मला आजही ठरवता आलेले नाही. मी उत्तर न देता पायऱ्या उतरलो.

त्याला शिक्षा झाली ती कायद्याप्रमाणे. तारखांना खेपा घालता घालता त्याची उभारीची वर्षे गेली. पण कायद्याच्या शिक्षेला शेवट असतो. वाडीच्या शिक्षेला तो नव्हता. शिमग्यात देवीची पालखी निघते, तेव्हा तिचा पहिला खांदा केरूच्या घराचा असे. त्याच्या आज्याच्याही आधीपासूनचा तो मान होता. देवीच्या राईत कुऱ्हाड चालवली म्हणून गावकीने तो मान बंद केला. पालखी घरोघर जाई. केरूच्या दारापाशी ती थांबत नसे.

हे मला त्या वाडीवरून शिकायला येणाऱ्या एका मुलीने सहज बोलता बोलता सांगितले. मी म्हणालो, "अरेरे." आणि कागद बदलण्याच्या कामाला लागलो.

यानंतरचा भाग मला सर्वांत कडू वाटतो. विच्छेदन पुढे बंद झाले. पर्यावरणाचा विषय आला, आणि नरक्या ओळखणारा माणूस म्हणून शाळांमधून, शिबिरांतून मला बोलावू लागले. वरंधपासून पोलादपूरपर्यंत मी दुर्मीळ वृक्षांवर बोलत हिंडलो. शाल आणि नारळ घेतले. फळ्यावर मी दोन रकाने आखत असे: एका बाजूला नरक्या, दुसऱ्या बाजूला भेक. एक संकटग्रस्त, एक सर्वत्र आढळणारा. एक जागेवरून हलू शकत नाही, आणि त्याला वाढायला वर्षे लागतात. दुसरा साचलेल्या पाण्यात माळेसारखी हजारो अंडी घालून निघून जातो. दोघांपाशीही विष. झाडातले विष माणसाने औषध म्हणून मागितले, आणि झाड संपत आले. भेकाचे विष कोणी मागितले नाही. त्याचे शरीर तेवढे काही वर्षे मागितले, आणि मागणे थांबताच तो पुन्हा अंगणात येऊन बसला.

एका शाळेत एका मुलाने विचारले होते, "सर, मग दोघांत सुखी कोण?"

"ज्याचा कोणाला उपयोग नाही तो," मी म्हणालो. वर्ग हसला. शिक्षकांनी टाळ्या वाजवल्या. मी त्या टाळ्या घेतल्या.

त्या रकान्यांत मी एक गोष्ट कधी लिहिली नाही. संकटात आलेल्या झाडामागे कायदा उभा राहिला, आणि ते योग्यच झाले. परंतु ते झाड संकटात आणणाऱ्यांपैकी एक जण फळ्यापाशी खडू घेऊन उभा होता आणि दुसरा आपल्या दारावरून पुढे जाणारी पालखी पाहत होता. एक दुर्मीळ, एक सामान्य, अशी विभागणी माणसांतही झाली होती, आणि ती मी केली होती.

गेल्या वर्षी महाडमध्ये डोळ्यांच्या दवाखान्यात मी माझ्या पाळीची वाट पाहत बसलो असता शेजारी एक म्हातारा येऊन बसला. एका डोळ्यावर पट्टी होती.

"सर, वळखलं का? भेकवाला."

मी त्याला चहाला नेले. त्याने बशीत चहा ओतला आणि सावकाश प्यायला. मी मुलांची चौकशी केली.

"पोरगा मुंबईला हाय. कुरियरमदी. शिमग्याला येत नाय. सगळे चाकरमानी येतात, ह्यो येत नाय. म्हनतो, बाबा, दारात उभं ऱ्हाऊन दुसऱ्याच्या खांद्यावरची पालखी काय बघायची?" बशी खाली ठेवून तो म्हणाला, "मला एकदा त्याच्या खांद्यावर बघायची व्हती. आता डोळंबी चाललं."

"केरू," मी विचारले, "त्या दिवशी तू माझं नाव का घेतलं नाहीस?"

तो हसला. "घेतलं असतं तर कोन मानलं असतं? तुमी खुर्चीत, मी खाली. आन पोरीला तुमच्या कॉलेजात घालायची व्हती. म्हनलं, एक तरी वळखीचं मानूस ऱ्हाऊ दे."

मुलगी महाविद्यालयात कधीच आली नाही. कोर्टाच्या फेऱ्यांत ते राहून गेले.

"मी वाडीवर येतो. सगळ्यांसमोर सांगतो," मी म्हणालो.

"नको सर. तुमचं वय झालं, नाव झालं."

त्याच्या बोलण्यात कडवटपणा नव्हता. तो असता तर मला सोपे गेले असते.

शिमग्याला मी पोलादपूरहून वाडीवर गेलो. त्याआधी पत्नीला सगळे सांगितले. ती म्हणाली, "शाल-नारळ आणलेत त्या प्रत्येक वेळी तुम्हाला हे आठवत होतं?" मी हो म्हणालो. ती उठून आत गेली.

देवळापुढच्या चौथऱ्यावर पालखी सजून बसली होती. गावकीचे प्रमुख बाळाराम यांना मी बाजूला बोलावून दोन शब्द बोलायची परवानगी मागितली आणि कशाविषयी तेही सांगितले.

"सर, इतकी वर्सं कुठं व्हतात?"

"महाडलाच."

"मंग महाड काय इलायतेत हाय?"

बाळारामांनी तंबाखू थुंकली. "बोला. पर मान परत द्यायचा का नाय, त्ये गावकी ठरवंल. तुमच्या बोलन्यानं झाड उभं ऱ्हानार नाय."

"मान्य आहे," मी म्हणालो.

ढोल थांबले. मुंबईहून आलेल्या एका तरुणाने मोबाईल वर धरला. "ठेव रे त्ये खिशात," बाळाराम ओरडले. पारू बायकांच्या घोळक्यात मागे उभी होती. केरू त्याहून मागे, पाराच्या कडेला बसला होता. शिबिरांत शेकडो मुलांपुढे बोललेला मी, पण माझा आवाज इतका खाली गेला की कोणीतरी म्हणाले, "ऐकू येत नाय, जोरात बोला." म्हणून मी पुन्हा पहिल्यापासून, मोठ्याने सुरुवात केली.

"केरूने राईतलं झाड तोडलं, हे तुम्हाला माहीत आहे. त्या झाडाला मोल आहे हे त्याला मी सांगितलं, ते दाखवायला माणूस म्हणून त्याचं नाव मी दिलं, हे तुम्हाला माहीत नाही. देवीच्या राईतलं नको, असं तो मला म्हणाला होता. काठावरचं चालेल, असं मी सांगितलं. तो पकडला गेला तेव्हा ते लाकूड ओळखायला मलाच बोलावलं. कोणी विचारलं नव्हतं तरी मी त्याच्याविरुद्ध बोललो, आणि माझं नाव लपवलं. त्याच्या वाट्याचा दोष त्याने भोगला. माझ्या वाट्याचाही त्यानेच भोगला, त्याच्या मुलांनी भोगला, आणि मी महाडला बसून ते पाहिलं. देवीची आणि या वाडीची मी माफी मागतो. केरूदादा, पारूवहिनी, मी तुमचा अपराधी आहे. माझं चुकलं. मला माफ करा."